आधी माळी, मग कारंजं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतल्या उद्यानांच्या सुशोभीकरणाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. कुठे कारंजं होणार असतं, कुठे रंगीत दिवे, कुठे सेल्फी पॉइंट, कुठे जुन्या फरश्या उपटून नव्या. काम किती लाखांचं, नारळ कुणाच्या हस्ते फुटला, हे सगळं छापून येतं. त्या बागेत माळी किती असणार, हे मात्र आजवर माझ्या वाचनात आलेलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच, फक्त शेंडा मारू नका.

मी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहतो. वडील पाटण तालुक्यातून आले. आधी मुंबईत आणि बाजार इकडे हलल्यावर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी पाठीवरून गोण्या वाहिल्या. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कंपनीत माळी म्हणून लागलो आणि बागेचा मुकादम म्हणून बाहेर पडलो. कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे. साडेचार एकरांची बाग होती आणि आम्ही नऊ जण होतो. कंपनी काही झाडांवर जीव टाकणारी नव्हती. बाहेरचे साहेब पाहणीला येत, त्यांना आधी हिरवळ दिसावी आणि मग चिमणी, एवढाच हिशेब होता. पण हिशेब करणाऱ्यांना एक गोष्ट कळत होती की बाग माणसं सांभाळतात. म्हणून पंप जळला तर नवा पंप दोन महिने यायचा नाही, पण माळी रजेवर गेला तर बदली दुसऱ्या दिवशी हजर असायचा.

आता आमच्या वसाहतीजवळची बाग बघा. (सेक्टर लिहीत नाही. लिहिला तर उद्या त्या एका बागेत रंगरंगोटी होईल आणि विषय तिथेच संपेल.) तिथे दहा वर्षांत फाटक बदललं, कमान आली, कमानीवर नावं आली, नावं बदलली. व्यायामाची यंत्रं आली, त्यातली निम्मी आता नुसती लोंबकळतात. घसरगुंडी प्लास्टिकची आहे आणि तोंड पश्चिमेला, त्यामुळे मार्च ते मे संध्याकाळी पाचपर्यंत तिच्यावर पोर बसू शकत नाही. खाली रबराच्या लाद्या, त्याही तापतात. बाकडी आधी सिमेंटची होती, पाठ टेकायची सोय असलेली. आता ग्रॅनाइटची आहेत, पाठ नसलेली. दिसायला झकास. पण गुडघेदुखीच्या बाईला त्यावरून उठताना आधाराला काहीच नाही, आणि बागेत येणाऱ्या बाया बहुतेक गुडघेदुखीच्याच. कारंजं पहिली दिवाळी चाललं. मग पंप गेला, तळाशी हिरवं पाणी साचलं, मग डासांच्या फवारणीवाला त्या टाकीसाठी वेगळा येऊ लागला. शेवटी कुणीतरी त्यात भराव टाकून शोभेची झाडं लावली, ती पाणी न घातल्यामुळे मेली.

माळी आहे का? आहे आणि नाही. ठेकेदाराचा माणूस येतो. तो या बागेचा नाही. त्याच्याकडे दिवसाला चार-पाच बागा आणि दोन रस्त्यांचे दुभाजक असतात. टँकरच्या मागे बसून येतो, पाइप फिरवतो, मशीनने मेंदीचं कुंपण एका पातळीत कापतो आणि पुढे जातो. माझ्या ओळखीतला एक मुलगा हेच काम करतो, चांगला कष्टाळू आहे. त्याला मी विचारलं, तुझ्या बागेतल्या बकुळीला यंदा फूल का नाही आलं? म्हणाला, काका, बकूळ कुठली? त्याला दोष कसा देणार? काम चौरस मीटरवर मोजलं जातं. कमी दर भरेल त्याला ठेका मिळतो आणि दर कमी करायचा एकच मार्ग असतो, माणसं कमी करणं. वर ठेका बदलला की माणसं बदलतात. नव्या माणसाला कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कोणत्या आंब्याला खोडकिडा लागला होता, पाइपाचा व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, यातलं काही ठाऊक नसतं. पहिले सहा महिने तो शोधण्यातच घालवतो.

या एका अभावातून बाकीचं सगळं कसं बिघडतं, ते सांगतो. हा माझा धंदा होता, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पाचोळ्यापासून सुरू करतो. आपलं शहर स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली देशात तिसरं आलं, २०२३ सालीही तिसरं. अभिमान मलाही आहे. पण या स्वच्छतेपायी बागेतल्या मातीचे हाल झालेत, असं म्हटलं तर शेजारीच माझ्या अंगावर येतील. रोज सकाळी खराट्याने झाडाखालचं पान न् पान गोळा होतं, गोणीत भरलं जातं आणि गाडीतून जातं. खाली उरते ती उघडी, कडक जमीन, खराटा फिरून फिरून सारवल्यासारखी झालेली. पहिला मोठा पाऊस पडला की पाणी तिच्यात मुरत नाही. ते गटाराकडे धावतं आणि जाताना वरची चांगली माती घेऊन जातं. म्हणजे आपणच सोन्यासारखं खत गाडीत भरून पाठवतो आणि मग शेणखत व तांबडी माती विकत आणतो. बागेतला कचरा शक्यतो बागेतच जिरवावा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं. आम्ही कंपनीत हे नियमाविना करत होतो. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद, कमरेच्या खाली इतका खोल खड्डा. पाचोळ्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाल्याचं पाणी, वर मूठ-मूठ माती, पुन्हा थर. पावसाळ्यात वरून झाकायचं. पाच-सहा महिन्यांत काळंभोर खत. उरलेला पाला सरळ झाडाच्या आळ्यात. उन्हाळ्यात त्या आच्छादनामुळे पाणी एक दिवसाआड पुरतं. लोक म्हणतात, पाल्यात साप येतो. येतो कधीतरी, बहुधा धामण, आणि ती उंदीर खाते. आमच्या बागेत सध्या उंदीर पुष्कळ आहेत.

खड्डा कुणी करायचा आणि तो ओला आहे की सुका हे रोज कुणी बघायचं, असा प्रश्न आला की पुन्हा माळीच आठवतो.

दुसरं, झाडाच्या गळ्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक. आमच्या बागेतल्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला लागून सिमेंटचा कठडा आहे, त्याला लागून ब्लॉक. लोकांना वाटतं, झाडाचं मूळ खाली सरळ पाताळात जातं. तसं नसतं. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. त्यांना पाणी लागतं तशीच हवा लागते. त्यात खाडीकडच्या आमच्या सेक्टरांत वर फूट-दीड फूट आणलेली माती, खाली मुरूम-दगडाचा भराव आणि त्याखाली खाडीचा चिखल. मूळ खाली जाऊन करणार काय? ते आडवंच पसरतं. त्यावर आपण सिमेंट ओततो, शिवाय केबल टाकायला एका बाजूने चर खणून अर्धी मुळं तोडतो, आणि जुलैत गुलमोहोर रिक्षावर आडवा झाला की झाडाला धोकादायक ठरवतो. झाड बिचारं जाग्यावर उभं होतं, धोका आपण तयार केला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं मीटरभरातलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मोठ्या झाडाला मीटरभर पुरत नाही, पण सुरुवात म्हणून काय वाईट? पहारीने ब्लॉक उचकटायचे, कुदळ न मारता हाताने माती मोकळी करायची आणि पाला भरायचा. दोन माणसं एका सकाळी तीन झाडं मोकळी करतात. याला टेंडर लागत नाही.

तिसरी छाटणी. दर मे महिन्यात पावसाळापूर्व छाटणी निघते आणि मी शक्यतो त्या रस्त्याने जात नाही. ट्रक किती भरले यावर काम मोजलं की माणूस जाड फांद्याच तोडणार. जाड फांदी तोडली की ट्रक लवकर भरतो. एका बाजूच्या फांद्या विजेच्या तारांसाठी जातात, दुसरी बाजू तशीच राहते, तोल गेलेलं झाड वाऱ्याला उभं. काही झाडांचे तर शेंडे मारून खांब करतात. त्यावर मग दाट धुमारे फुटतात, लोकांना वाटतं झाड पुन्हा हिरवं झालं. ते धुमारे नुसते सालीला चिकटलेले असतात, दोन-तीन वर्षांनी जड झाले की मोडून पडतात. फांदी कापायची तर तीन कापांत. आधी बुंध्यापासून हातभर लांब, खालच्या बाजूने थोडा काप. मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना साल सोलत बुंध्यापर्यंत येत नाही. शेवटी राहिलेला खुंट, फांदीच्या मुळाशी जी फुगीर कडा असते तिच्या बाहेरून. ती कडा शाबूत राहिली तर झाड आपली जखम आपण भरून काढतं. हे शिकायला दोन दिवस लागतात. पण शिकलेला माणूस पुढच्या मे महिन्यात त्याच कामावर असेल, याची खात्री कोण देणार?

आणि आता छाटणीची ही घाई अधिक महागात पडणार आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. वाशीत पहिली वस्ती झाली तेव्हा लावलेली झाडं आता पन्नाशीला टेकली. राज्याच्या १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. त्यानुसार पन्नास वर्षं आणि त्यापुढचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. तोडायला परवानगी मिळाली तरी तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. नवं शहर, नवं शहर म्हणता म्हणता आपल्याकडेही म्हातारी झाडं झाली. पण त्यांची वयं कुणी लिहून ठेवलीत? ज्यांनी लावली ते माळी निवृत्त झाले, काही गेले. आजही विचारलं तर काही जण सांगतील, ही रांग अमुक पुलाच्या आधीची, हा पिंपळ शाळा झाली त्या वर्षीचा. वय लिहिलेलं नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी प्रत्येक पिंपळ पंचवीस वर्षांचाच निघेल.

काय लावायचं यावर मला फार बोलायचं नाही, माझी मतं जुनाट समजली जातात. तरी एक-दोन गोष्टी. बॉटल पाम हे खांबाला पर्याय आहे, झाडाला नाही. कोनोकार्पस या परदेशी झाडावर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली, आपल्याकडे अजून कुंपणाला हौसेने लावतात. सप्तपर्णी चांगली, पण रांगच्या रांग लावली की ऑक्टोबरात त्या वासाने डोकं उठतं. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याला भेंड दाद देत नाही, करंजही टिकतो. ताम्हण आपलं राज्यफूल, ते तरी प्रत्येक बागेत एक असावं. उंबर सुचवला की म्हणतात फळं पडून घाण होते. होते ना. तांबट आणि कोकीळ ती घाण खायलाच येतात. मियावाकी पद्धतीच्या दाट लागवडीचे बोर्ड आता सगळीकडे दिसतात. कुंपणालगत, रस्त्याच्या कडेला ठीक आहे. पण बागेच्या मधोमध तो जंगलाचा ठोकळा लावला तर त्याच्या सावलीत बसायचं कुणी, मुंगूसाने?

पाण्याचंही तसंच. मोरबे धरण आपल्या शहराचं स्वतःचं आहे, म्हणून आपण जरा सैल आहोत. पण पिण्याचं पाणी हिरवळीवर ओतायचं कारण नाही. आपल्याकडे सांडपाणी शुद्ध करायची चांगली केंद्रं आहेत, त्यातलं पाणी कारखान्यांना देता येतं तर प्रत्येक बागेलाही त्याची नळजोडणी असावी. टँकर बंद पडला की बाग वाळते, हे मी दर एप्रिलमध्ये बघतो.

आता फाटकाबद्दल. आमच्या बागेला दुपारी कुलूप असतं. सकाळी फिरणाऱ्यांची वेळ संपली की बंद, संध्याकाळी पोरांच्या वेळेला पुन्हा उघडं. हे वेळापत्रक कुणाच्या सोयीचं? आमच्या वसाहतीत मार्केटचा माणूस अपरात्री उठून कामाला जातो आणि दुपारी मोकळा होतो. घरं म्हणाल तर एकाला एक लागून, आता बहुतेकांनी वर मजले चढवलेत, खाली उजेड येत नाही. गल्लीत मोटारसायकली. अंगण नाही, गॅलरी नाही. पोळ्या-स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायकांना दुपारची कामं आणि संध्याकाळची कामं यांच्यामध्ये दोन-तीन तास असतात, घर लांब असेल तर त्या जिन्यात बसून राहतात. पार्सल पोहोचवणारी पोरं फुटपाथवर गाडीच्या सीटवर डुलकी काढतात. दहावी-बारावीच्या मुलींना घरात टीव्हीपासून दूर अशी जागा नसते. सावली सगळ्यात जास्त दुपारी लागते आणि दुपारीच आपण ती कुलूपबंद करतो. विचारलं तर उत्तर मिळतं, दुपारी गर्दुल्ले येतात, प्रेमी जोडपी येतात. गर्दुल्ले कुलपाला भीत नाहीत, ते कुंपणावरून येतात आणि बाग रिकामी असते म्हणूनच येतात. जोडप्यांबद्दल मी काही बोलणार नाही. कुठेतरी बसणारच ना ती. बागेत माणूस नेमलेला असेल, तो खुरपं घेऊन इकडून तिकडे फिरत असेल, तर वेगळा पहारेकरी लागत नाही. आणि हो, स्वच्छतागृहाची किल्लीही त्याच्याकडेच असावी. सध्या ती कुणाकडे आहे, हे बागेत कुणालाच ठाऊक नाही.

मोठ्या बागांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. नेरुळच्या वंडर्स पार्कात नातवाला सात आश्चर्यांच्या प्रतिकृती दाखवल्या, तो खूष झाला. खारघरचं सेंट्रल पार्क सुमारे ८० हेक्टरांचं, ते बघून मीही खूष झालो. खाडीतल्या फ्लेमिंगोंनाही माझा रामराम. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जगाच्या दृष्टीने महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, चांगलं झालं. पण तिकडे माणूस रविवारी जातो. रोज चपला घालून पायी जायची बाग सेक्टरातलीच. आणि कोपरखैरण्यातच एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. निसर्ग उद्यान जिथे आहे तिथे पूर्वी डम्पिंग ग्राउंड होतं. तो वास आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे. कचऱ्याच्या ढिगावर हिरवं उभं राहिलं, ते वर्षानुवर्षं कुणीतरी रोज पाणी घातल्यामुळे.

माळ्याचं बोलत असताना जमिनीवर यायलाच हवं, कारण बाग राहिलीच नाही तर माळी कुठे ठेवणार? घणसोली आमच्या शेजारी. तिथला २० एकरांचा भूखंड २००३ साली सरकारी क्रीडा संकुलासाठी ठरवलेला होता. पुढे त्यातला काही भाग खासगी विकासकाकडे गेला आणि २०२१ मध्ये संकुलच रायगडमधल्या माणगावला न्यायचं ठरलं, इथून शंभराहून जास्त किलोमीटरवर. घणसोलीच्या पोराने फुटबॉल खेळायला माणगावला जायचं! वास्तुविशारदांच्या संस्थेचं नवी मुंबई केंद्र न्यायालयात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वास्तुविशारदांना धन्यवाद. पण प्रत्येक भूखंडासाठी कुणीतरी उच्च न्यायालयात जायचं, हे कसं परवडणार?

आमच्या वसाहतीतल्या एक वकीलबाई सांगतात की सर्वोच्च न्यायालयाने हे १९९१ मध्येच स्पष्ट केलंय. बंगळुरूत एका वस्तीत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देऊन टाकली होती. रहिवासी भांडले आणि ते वाटप रद्द झालं. रुग्णालय चांगलंच काम, तरी बागेची जागा बागेलाच, असा तो निकाल. आपल्याकडे तर मोठ्या रुग्णालयाचीही गरज पडत नाही. एका कोपऱ्यात आधी पाणपोई होते. पाणपोईला पत्र्याची शेड, शेडला शटर, शटरवर कुणाचं तरी जनसंपर्क कार्यालय. किंवा वाचनालय म्हणून खोली होते आणि वर्षभरात लग्नाची वाडपी मंडळी तिथे भांडी ठेवतात. किंवा सगळ्यात अलीकडची टूम, बागेखाली वाहनतळ. ठाण्यात गावदेवी मैदानाखाली वाहनतळ झाला. मैदानाचं एकवेळ सोडा, पण बागेखाली स्लॅब घातली तर वर जेवढी माती टाकाल तेवढीच खोली. त्यात हिरवळ वाढेल, शोभेची झुडपं वाढतील. वड वाढणार नाही. पुढची शंभर वर्षं वाढणार नाही.

नव्या नियमांनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, असं पुनर्विकासवाले आवर्जून सांगतात. सोडतात, खरं आहे. पण ती जागा वॉचमनच्या पलीकडे असते. आम्ही तिथे बसायला गेलो तर कुणाकडे जायचंय म्हणून विचारतात. सेक्टरातली बाग कमी झाली तर ही दहा टक्के तिची भरपाई करू शकत नाही.

आणि एक गोष्ट या शहरात विसरली जाते. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. ९५ गावांची शेतं, मिठागरं, खाजणं घेऊन नवी मुंबई उभी राहिली. १९८४ मध्ये जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याची वाट मोकळी झाली. आम्ही घाटावरून आलेले, आम्हाला इथे घर मिळालं. कोपरखैरणे गावातल्या आगरी माणसाने भातशेती दिली ती सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतली होती. त्यातला बागेचा तुकडा उद्या दुसऱ्याच कामाला वापरायचा असेल, तर ज्याचं शेत गेलं त्याला काय सांगायचं?

म्हणून माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक बागेच्या फाटकावर एक साधा पत्र्याचा बोर्ड लावा. त्यावर भूखंड क्रमांक आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, म्हणजे कोपरा कुरतडला गेला तर मोजता येईल. त्याखाली बागेच्या माळ्याचं नाव. ठेकेदाराचं, उद्घाटकांचं नंतर, जागा उरली तर. ठेका द्यायचाच असेल तर चौरस मीटरबरोबर माणसंही मोजा, आणि एक माळी निदान तीन वर्षं एकाच बागेत राहील अशी अट घाला. ठेकेदार बदलला तरी माळी तोच राहावा. त्याचा पगार वेळेवर बँकेत जातो की नाही, हे तपासा. खातं सुशोभीकरणाचं असो वा देखभालीचं, नवं कारंजं मंजूर करण्याआधी त्या बागेत पूर्ण दिवसाचा माळी आहे का, एवढा एक रकाना फायलीत असू द्या. मोकळ्या भूखंडांची यादी विभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे आणि त्यात अर्ज न करताही अशी माहिती जाहीर करायला सांगितलंय. आम्हाला दर वेळी दहा रुपयांचा स्टॅम्प का लावायला लावता?

वाचकांनाही एक सांगणं आहे. बागेत माळी दिसला तर त्याला नाव विचारा. पाणी विचारा. आपल्या पोराचा वाढदिवस झाल्यावर केकची खोकी आणि फुगे त्याच्यासाठी सोडून जाऊ नका. कुत्रं फिरवता ते फिरवा, पण त्याच्या मागचं आवरायला तो माणूस नेमलेला नाही. आणि पाच जूनला झाड लावून फोटो काढणाऱ्या मंडळांनी नोव्हेंबरातही एकदा यावं, येताना बादली आणावी.

ठेकेदारांकडे काम करणाऱ्या मुलांना छाटणी, आळी आणि खताचा खड्डा शिकवायला कुणी बोलावलं तर मी येईन. माझ्यासारखे कंपन्यांतून निवृत्त झालेले माळी ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत अजून आहेत, त्यांनाही घेऊन येईन. मानधन नको, चहा पुरे. करवत आणि कोयता माझा मी आणीन, फक्त शिडी तुम्ही द्या, आता चढायला दुसरा कुणीतरी लागेल. आणि बोलावायचं तर मार्चच्या आत बोलवा. मे महिन्यात ट्रक निघाले की माझं कुणी ऐकत नाही.

आपला,
एक निवृत्त माळी
माथाडी वसाहत, कोपरखैरणे, नवी मुंबई
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)